हललेला फोटो

छायाचित्र अस्पष्ट आले की आपल्याकडे लोक 'फोटो हलला' असे म्हणतात. भिंगावर धूळ असो, उजेड अपुरा असो की नेम चुकलेला असो, निदान ठरलेले असते. शास्त्राच्या दृष्टीने ते अपुरे आहे. तरीही हा शब्दप्रयोग आम्हांला प्रिय आहे, कारण हात हलला की समोरचा माणूस हलला, हे तो सांगत नाही. दोष कुणाचा, हा प्रश्न तो उघडा ठेवतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

छायाचित्रणाचा नाद आम्हांला सेमिनरीतील दिवसांपासून आहे. त्या वेळी एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत, आणि तो रोल धुऊन येईपर्यंत आपण काय काढले आहे हे कळत नसे. आता डिजिटल कॅमेरा हाती आहे. धर्मग्रामातील तरुण मंडळी अधूनमधून आमच्याकडे येऊन तक्रार करतात, "फादर, एवढा महागाचा कॅमेरा घेतला, तरी फोटो शार्प येत नाहीत." या मुलांना आम्ही प्रथम कॅमेऱ्याविषयी काही सांगतच नाही. त्यांना स्वतःचा श्वास ऐकावयास सांगतो. कोपर छातीशी टेकवा, पाय किंचित फाकवा, श्वास अर्धा सोडा आणि मग बटण ओढू नका, दाबा. जुना ठोकताळा असा आहे, की भिंगाची लांबी जितके मिलिमीटर, निदान तितक्याव्या भागाच्या सेकंदात पडदा उघडून मिटावा. पन्नासच्या भिंगाला १/५० सेकंद, दोनशेच्या भिंगाला १/२००. कॅमेऱ्यातील संवेदक लहान असेल तर ही मर्यादा दीडपट कडक धरावी. बहुतेक भिंगांची धार एफ ८ च्या आसपास उत्तम असते. छिद्र फार मोठे केले तर थोडाच भाग स्पष्ट येतो, आणि एफ २२ पर्यंत आवळले तर प्रकाश छिद्राच्या कडांवर पसरून सारेच चित्र मऊ होते. माणसाचा फोटो असेल तर कॅमेऱ्याला स्वतःच्या मर्जीने नेम धरू देऊ नये. आपल्या बाजूच्या डोळ्यावर नेम धरावा. डोळा स्पष्ट असला की कानाचे अस्पष्टपण कुणी मनावर घेत नाही. आणि सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसू नये, ही सूचना आम्हांला दरवर्षी नव्याने द्यावी लागते.

या साऱ्या सूचनांचा गाभा एवढाच, की स्पष्टता फोटो काढण्यापूर्वी मिळवावयाची असते. आपण स्थिर झालो म्हणजे समोरचा माणूस स्पष्ट होतो. कुणाचे म्हणणे ऐकताना आपण हातातील काम बाजूला ठेवतो, तशातलाच हा प्रकार आहे.

हे सगळे आम्ही खऱ्या अर्थाने शिकलो ते चर्चच्या जुन्या नोंदवह्यांपाशी. पोर्तुगीज लिपिकांच्या हातच्या त्या वह्या. शाईतील लोहाने कागद जागोजाग खाल्लेला, उरलेले आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्याने पूर्ण केलेले. पाने गळून पडण्याच्या आत त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत असे ठरले. आम्ही कॅमेरा तिपाईवर उलटा टांगला, भिंगाचे पाते आणि कागद समांतर आहेत की नाही हे पाहण्यासाठी पानावर छोटा आरसा ठेवला (आरशात भिंगाचा मध्य दिसला की समांतर), तिपाईवर निरुपयोगी ठरणारी कंप टाळण्याची सोय बंद केली आणि बोटाचा धक्काही नको म्हणून दोन सेकंदांनी आपोआप उघडणारी कळ वापरली. उजेड एका बाजूने तिरपा येऊ दिला. त्यामुळे शाई उडून गेली असली तरी बोरूच्या टोकाने कागदावर पडलेली खाच दिसू लागली. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा बालकाच्या आजीचे नाव त्या खाचेतून वर आले, तेव्हा आम्हांला झालेला आनंद लपवण्याचे कारण नाही.

पण त्याच कामात एक मोहही भेटला. संगणकात 'धार' वाढवण्याची एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की पुसट अक्षर ठळक होते. आम्ही एका रात्री ती बरीच उजवीकडे सरकवली आणि एका नोंदीतील वर्षाचा शेवटचा अंक ७ आहे असे ठामपणे वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी मूळ पान पाहिले, तर तो १ होता. वरची आडवी रेघ म्हणजे कागदाची घडी होती. यंत्राला घडी आणि रेघ यांतील भेद कळण्याचा प्रश्नच नव्हता. कडा दिसली, तिने ती ठळक केली. चूक वाचणाऱ्याची होती. आम्हांला ७ हवा होता, कारण त्यामुळे एका कुटुंबाची वंशावळ जुळत होती.

यंत्र धार वाढवते म्हणजे नेमके काय करते, हे जाणून घेणे उद्बोधक आहे. चित्राची एक मुद्दाम धूसर केलेली प्रत तयार होते. ती मूळ चित्रातून वजा केली की उरतो तो कडांचा फरक, आणि तो फरक मूळ चित्रात वाढवून मिळवला जातो. अंधारखोलीच्या काळात हेच काम मूळ निगेटिव्हवर तिचीच धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून करीत. ऑस्ट्रेलियातील खगोल-छायाचित्रकार डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकात याच रीतीने आकाशगंगांची अंधुक अंगे दाखवून दिली. यात नवे काही येत नाही. जे प्रकाशाने आणले तेच पुढे ढकलले जाते, शिक्षक पुस्तकात एखाद्या ओळीखाली रेघ मारतो तसे. रेघ मारण्याला खोटेपणा म्हणता येणार नाही. मात्र भलत्या ओळीखाली ती मारली तर विद्यार्थी नापास होऊ शकतो.

याहून पुढची एक पायरी आहे. हबल ही अवकाश दुर्बीण १९९० च्या एप्रिलमध्ये वर गेली आणि थोड्याच दिवसांत लक्षात आले की तिचा आरसा कडेला सुमारे दोन मायक्रॉन अधिक सपाट घासला गेला आहे. केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान चूक, पण तारे पसरट दिसू लागले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन सुधारणा केली. तोवरची तीन वर्षे खगोलशास्त्रज्ञ गणिताने ती चित्रे बऱ्याच अंशी सुधारून घेत होते. हे शक्य झाले, कारण चूक कोणत्या आकाराची आहे हे त्यांना कळले होते. आपला दोष नेमका ओळखला असेल तर त्याचा परिणाम उलट हिशेबाने पुष्कळसा काढून टाकता येतो. पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्या माणसाला या गोष्टीचे विशेष नवल वाटले नाही, एवढेच सांगतो.

इथपर्यंत आमची वृत्ती निश्चिंत होती. मग मावशी आल्या.

मावशींचे वय आज ऐंशीच्या घरात. त्यांचा धाकटा मुलगा १९९४ साली अपघातात गेला, एकोणिसाव्या वर्षी. तेव्हा घरात कॅमेरा नव्हता. मुलाचा मोठेपणीचा एकच फोटो, नात्यातल्या एका लग्नाच्या मांडवात कुणीतरी काढलेला. पुढे नवरानवरी आणि वऱ्हाडी, मागे हातात भाताचे ताट घेऊन जाणारा हा मुलगा. चेहरा नखाएवढा, आणि तोही हललेला. २०२३ साली घराची डागडुजी झाली, भिंतीला रंग लागला, तेव्हा मावशी तो फोटो घेऊन आमच्याकडे आल्या. "फादर, तुम्ही म्हणे जुनी अक्षरंसुद्धा वर काढता. ह्याचा चेहरा काढून द्या. डाव्या भुवईत खूण होती त्याच्या, विहिरीच्या कठड्यावर पडला होता. ती दिसू द्या म्हणजे झालं."

आम्ही आमची सारी विद्या पणास लावली. तिपाई, आरसा, तिरपा उजेड, एफ ८. निघालेले छायाचित्र इतके स्पष्ट होते की कागदाचा पोत आणि त्यावरचा बुरशीचा ठिपका मोजता यावा. मुलगा मात्र होता तसाच धूसर राहिला. कॅमेऱ्याने कागदाशी इमान राखले होते, आणि कागदावर भुवई नव्हतीच. १९९४ च्या आधी कधीतरी, त्या मांडवातल्या क्षणी, ती खूण प्रकाशाने फिल्मवर आणलीच नाही, कारण मुलगा चालत होता.

हे मावशींना सांगावयाचे आमच्या जिवावर आले. त्यांचा नातू संगणकात हुशार. तो म्हणाला, आता असे प्रोग्रॅम आहेत की अस्पष्ट चेहरा क्षणात स्पष्ट करतात. आम्ही त्याला होकार दिला. किंबहुना, आम्हीच त्याला आमची फाईल दिली. दोन मिनिटांत पडद्यावर एक देखणा तरुण उभा राहिला. पापण्यांचा केस न् केस वेगळा, ओठांवर प्रकाशाची रेघ, दोन्ही भुवया अखंड. मावशी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगला आलाय." तो फोटो मोठा करून, काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर लागला. भुवईचे नाव त्यांनीही काढले नाही, आम्हीही नाही.

सुमारे वर्षभराने, घरी गेलो असता, त्या समाधानाने म्हणाल्या, "फादर, आता डोळे मिटले तरी हाच दिसतो. आधी नुसतं धुकं दिसायचं."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

तो चेहरा कुठून आला असेल, याचा शोध आम्ही घेतला, तेव्हा अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या एका प्रणालीची हकिगत वाचनात आली. २०२० साली तिच्याकडे बराक ओबामा यांचे ठिपक्याठिपक्यांचे अंधुक छायाचित्र कुणीतरी दिले, आणि तिने एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा परत केला. जगभर त्याची चर्चा झाली, बहुतांशी वर्णभेदाच्या अंगाने, आणि ती योग्यच होती. आम्हांला मात्र तिच्या कार्यपद्धतीने विचारात पाडले. यंत्र असा चेहरा शोधते, की जो लहान आणि अंधुक केला असता मूळच्या अंधुक चित्राशी जुळेल. तो गोरा चेहरा त्या कसोटीला उतरत होता! याचा अर्थ असा, की एका धूसर चित्राच्या मागे अनेक चेहरे उभे असतात आणि सारेच त्याच्याशी सुसंगत असतात. त्यांतला नेमका कोणता, हे ठरवण्याची सामग्री चित्रात शिल्लक नसते. मग यंत्र ज्यांचे चेहरे त्याने पुष्कळ पाहिले आहेत त्यांच्यातून एक जुळवते. मावशींच्या भिंतीवरचा तरुण असाच कुठल्या तरी अनोळखी हजारोंच्या पापण्या आणि भुवया घेऊन आला असणार.

सेमिनरीत आम्हांला शिकवले होते की वस्तू आणि बुद्धी यांचा मेळ म्हणजे सत्य. संत थॉमस अक्वायनस यांनी ही व्याख्या स्वीकारून तिचा विस्तार केला. स्पष्टता हा शब्द त्या व्याख्येत नाही, हे तेव्हा आमच्या लक्षातही आले नव्हते. आज वाटते की आपल्या काळाने या दोहोंची गल्लत केली आहे. जे ठळक ते खरे, अशी आपल्या डोळ्यांना सवय लागली आहे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी एक प्रकार उजेडात आणला. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर घराचा नकाशा स्कॅन केला असता तीन खोल्यांची तीन वेगवेगळी क्षेत्रफळे प्रतीत एकच उमटत होती, १४.१३ चौरस मीटर. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारखी दिसणारी अक्षरचित्रे एकाच ठशाने छापत होते. कंपनीने पुढे सुधारणा केली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ते अंक जराही पुसट नव्हते. पुसट असते तर कुणी तरी फूटपट्टी काढली असती.

यावर कुणी म्हणेल, की डिजिटल कॅमेऱ्यात अंदाज कुठे नाही? आक्षेप रास्त आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदू एकच रंग पाहतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या ज्या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले, तिच्यात निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव तांबड्याचे आणि पाव निळ्याचे असतात. प्रत्येक बिंदूपाशी उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे अगदी साध्या, अस्पर्शित फोटोतही रंगाची दोन तृतीयांश माहिती अनुमानाची असते. तेव्हा अंदाज म्हणजे असत्य, असे आम्ही म्हणणार नाही. पण शेजारच्या बिंदूला विचारणे वेगळे आणि कधी न भेटलेल्या परक्या माणसांच्या चेहऱ्यांना विचारणे वेगळे. पहिले त्याच प्रकाशाचे, त्याच क्षणाचे साक्षीदार आहेत. दुसरे त्या मांडवात नव्हतेच.

मग आम्ही मावशींशी खोटे बोललो का? संत ऑगस्टीन यांच्या मते असत्याला फसवण्याचा हेतू लागतो. यंत्राला हेतू नाही. नातवाचा हेतू प्रेमाचा होता. आमचाही दुःख हलके करण्याचा होता. येथवर सुटका दिसते. पण याच ऑगस्टीन यांनी सुमारे ४२० साली असत्याविरुद्ध लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात एक प्रसंग मांडला आहे. एक माणूस मरणासन्न आहे, त्याचा एकुलता मुलगा वारला आहे, हे त्याला ठाऊक नाही, आणि तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे का? उत्तरे तीनच: आहे, नाही, ठाऊक नाही. पहिले आणि तिसरे खोटे, दुसऱ्याने तो मरेल. ऑगस्टीन कबूल करतात, की अशा वेळी माणूस म्हणून त्यांचे अंतःकरण हलते. तरीही ते असत्याला परवानगी देत नाहीत. तरुणपणी हा उतारा आम्हांला कठोर वाटला होता. आजही वाटतो. पण आमची परिस्थिती त्याहून सोपी होती, हेच आम्हांला बोचते. आमच्यापाशी तिसरे उत्तर खरे होते. 'ठाऊक नाही' एवढेच तो धूसर फोटो म्हणत होता, तीस वर्षे प्रामाणिकपणे म्हणत होता. आम्ही त्याला गप्प केले.

धूसरपणाची इतकी तरफदारी पाहून वाचक हसतील. पण आम्ही एकटे नाही. १८१५ साली कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची व्यक्तिचित्रे त्या काळच्या जाणकारांनी 'नेम चुकलेली' म्हणून हिणवली. त्यांनी मात्र पत्र लिहून उलट विचारले होते, की योग्य नेम कोणता हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? असो. आम्हांला कॅमेरॉनबाईंची प्रतिभा नाही, आणि आमच्या मुलांनी हललेले फोटो काढून त्यांचे नाव सांगावे असेही आम्ही सुचवत नाही.

काय करावे हे कळेना. भिंतीवरील फ्रेम उतरवा, असे सांगणे म्हणजे ऐंशी वर्षांच्या बाईकडून मुलगा दुसऱ्यांदा हिरावणे. न सांगणे म्हणजे पहिल्या मुलाची आठवण दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळे होणे. गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनानंतर, आम्ही मूळ फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलो. तो आमच्या टेबलाच्या खणात पाकिटातच राहिला होता, परत करण्याचे त्यांनाही आठवले नव्हते. मनात ठरवलेली वाक्ये ऐन वेळी काही सुचली नाहीत. आम्ही इतकेच म्हणालो, "मावशी, भिंतीवरचा फोटो यंत्रानं अंदाजानं केलाय. भुवईची खूण त्याला माहीत नव्हती. ते मी तुम्हांला तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. जुना फोटो खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. "मला काय कळत नव्हतं होय?" त्या म्हणाल्या. "पण नातवानं इतक्या हौसेनं केलं." मग थोड्या वेळाने, फोटोकडेच पाहत, "त्या दिवशी सगळ्यांना म्हणाले फोटोला या, तर हा वाढायला धावला. पंगत बसली होती ना."

फ्रेम अजून भिंतीवर आहे. जुना फोटो त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे. जाताना आम्ही त्यांना विचारले, की तुमचा एक फोटो काढू का, उजेड चांगला आहे. त्या ओसरीवर खुर्ची घेऊन बसल्या, पदर सारखा केला. आम्ही तिपाई उघडली, जवळच्या डोळ्यावर नेम धरला. त्यांनी विचारले, "किती वेळ न हलता बसू?"